वाघूरकाठचा कॅप्टन

जामनेरकरांना नदी विचारा, ते कांग सांगतील, कारण ती गावाच्या अंगाला लागून वाहते. तालुक्याची मोठी नदी मात्र वाघूर. अजिंठ्याच्या डोंगरात ती निघते, लेण्यांच्या नालाकार दरीत सात टप्प्यांनी खाली कोसळते, फर्दापूरच्या बाजूनं खानदेशात उतरते, पहूरला भेटते, आमचा तालुका ओलांडते आणि साकेगावजवळून पुढे तापीला मिळते. साकेगाव म्हणजे भुसावळच्या उंबऱ्यावरचं गाव. या नदीच्या उगमाजवळ एका इंग्रज कॅप्टनची उमेदीची सगळी वर्षं गेली, आणि मुखाजवळ, भुसावळात, त्याला मूठमाती मिळाली.

त्याचं नाव रॉबर्ट गिल. आमच्याकडे हे नाव एकटं कधी उच्चारलं जात नाही. गिल-पारो असंच म्हणतात. ना. धों. महानोरांनी या दोघांवर दीर्घकविता लिहिली, २०१२ मध्ये नितीन चंद्रकांत देसाईंचा चित्रपट आला, आणि कॅप्टन लोकांच्या मनात प्रेमवीर होऊन बसला. बसू द्या. मला त्याची दुसरी गोष्ट सांगायची आहे, हातातोंडाशी आलेला घास हुकलेल्या माणसाची.

पण त्या दरीत हुकणं गिलपासून सुरू झालं नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा हाच वेलिंग्टन. असईत तो जिंकला, पण त्याची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींना हलवलं ते अजिंठा गावात. निजाम-उल्-मुल्कानं त्या गावाला भक्कम तटबंदी घातलेली होती, आत पाणी होतं, आसरा होता. तिथं इस्पितळ उभं राहिलं. घाटाच्या माथ्यावर गोरे आणि देशी शिपाई आठवड्यामागून आठवडे विव्हळत पडले होते. खालच्या दरीत, अर्ध्या दिवसाच्या चालीवर, दीड-दोन हजार वर्षांची चित्रं अंधारात होती. एकाही साहेबाच्या कानावर ती गोष्ट गेली नाही.

सोळा वर्षांनी गेली, तीसुद्धा वाघामुळे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, खानदेश कंपनीच्या हातात आला, आणि या भागात पलटणींची ये-जा वाढली. मद्रासकडच्या घोडदळातला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी साथीदारांबरोबर वाघाच्या मागावर वाघूरच्या दरीत शिरला. एका गुराखी पोरानं हात करून समोरच्या कड्यातली कमान दाखवली, असं सांगतात. वाघ राहिला बाजूला आणि स्मिथ जाऊन उभा राहिला तो दहाव्या लेण्याच्या चैत्यगृहात. त्या दिवशी २८ एप्रिल १८१९ तारीख होती. ती आपल्याला नेमकी ठाऊक आहे, कारण त्यानं खिशातलं हत्यार काढलं आणि रंगवलेल्या बोधिसत्त्वाच्या अंगावर आपलं नाव, पलटण आणि तारीख कोरून ठेवली.

याला पुस्तकांतून 'अजिंठ्याचा शोध' म्हणतात. तो शब्द मला खटकतो. ज्या पोरानं हात करून दाखवलं त्याला काय सापडायचं बाकी होतं? लेणापूर नावाचं गाव त्याच डोंगरावर आहे. गावाच्या नावातच लेणं आहे. पण त्या पोराचं नाव कुणी टिपलं नाही आणि त्याच्या हातात कोरायला चाकू नव्हता, म्हणून शोध स्मिथचा.

नंतर एकेक जण येत गेला. १८२४ मध्ये लेफ्टनंट जेम्स अलेक्झांडर आला. वाघांची आणि भिल्लांची भरपूर भीती त्याला घातली गेली होती, तरी तो मुसलमानी पेहराव करून आला. १८२८ च्या सुमारास डॉक्टर जेम्स बर्ड आला. त्याला चित्रं इतकी आवडली की ती सोबत न्यावीशी वाटली. भिंतीवरून त्यानं काही आकृत्या सोलून काढल्या आणि त्यांचा भुगा झाला. अजिंठ्याच्या चित्रांखाली दगड नाही, माती आहे. भुसा-तूस कालवलेला मातीचा लेप, वर चुन्याचा पातळ हात, त्यावर गेरू, पिवळी माती, काजळी आणि अफगाणिस्तानातून आलेला निळा खडा यांचे रंग. अशी भिंत नखानं उचकटली तर हातात धूळच येणार. डॉक्टरसाहेबांना हे कळायला चार आकृत्या खर्ची पडल्या.

१८३९ मध्ये जेम्स फर्ग्युसन आला. बंगालमध्ये निळीच्या धंद्यात पैसा करून तो देशभर जुन्या इमारती बघत हिंडत होता. लेण्यांना आज आपण जे क्रमांक वापरतो ते त्यानं घातले. परत गेल्यावर १८४३ मध्ये त्यानं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला आणि बजावलं की ही चित्रं झपाट्यानं नष्ट होताहेत, ती संपण्याआधी त्यांच्या नकला करून घ्या. सोसायटीनं कंपनीच्या संचालकांना गळ घातली. १८४४ मध्ये हुकूम सुटला आणि मद्रासच्या फौजेतला एक कॅप्टन या कामावर नेमला गेला.

तो गिल. जन्म १८०४, लंडनचा. फौजेत वीसेक वर्षं काढलेला, चाळिशीला टेकलेला, बायको-मुलं असलेला. कंपनीच्या फौजेत बढती ज्येष्ठतेनं मिळायची. जिवंत राहायचं आणि वाट बघायची. पण पैसा, बिल्ला, नाव हे सगळं मोहिमेत मिळायचं, आणि मोहीम पलटणीबरोबर राहणाऱ्याच्याच वाट्याला यायची. पलटण सोडून डोंगरात चित्रं उतरवायला जाणं म्हणजे त्या रांगेतून बाहेर पडणं. १८५२ मध्ये ब्रह्मदेशावर दुसरी स्वारी झाली. तिच्यात मद्रासच्या पलटणी होत्या. गिल तेव्हा कापडाच्या ताग्यासमोर बसून रंग कालवत होता. पुढे तो मेजर झाला, पण लढाईविना.

त्याच्या डोक्यात हिशेब काय होता, याचा अंदाज बांधायला फार अक्कल लागत नाही. शिपाईगिरीत त्याच्यासारखे शेकडो कॅप्टन होते. अजिंठा मात्र एकच होता. जी चित्रं युरोपात कुणी पाहिली नव्हती ती पहिल्यांदा तिथं पोचवणारा माणूस म्हणून त्याचं नाव लागणार होतं. चित्रकाराला आयुष्यात याहून मोठी संधी काय हवी?

अजिंठा गावातल्या बारादरीत त्यानं मुक्काम ठेवला. तटावरचा जुना महाल, समोर दरी, खाली घाट. घाट उतरला की फर्दापूर, तिथं औरंगजेबाच्या वेळची सराई, आणि तिथून आत वळलं की लेणी. हे सगळं निजामाच्या हद्दीत. सरहद्दीपलीकडे खानदेश, म्हणजे कंपनी सरकार. दोन राज्यांच्या सांध्यावरची जागा ती. इकडचा दरोडेखोर तिकडे पळे आणि तिकडचा इकडे, रोहिल्यांच्या टोळ्या हिंडत, आणि पावसाळा संपला की तापाची साथ ठरलेली.

आज पहिल्या किंवा सतराव्या लेण्यात आपण मंद विजेच्या उजेडात उभे राहतो, तरी डोळे सरावायला वेळ लागतो. गिलच्या वेळी तेवढाही उजेड नव्हता. दुपारनंतर ऊन सरकलं की आतल्या भिंती गुडूप. छताला वटवाघळं, कड्याला आग्यामोहोळं. मोहोळ उठलं की काम सोडून पळायचं, हे तर त्या दरीत आजही चालतं. चित्रं सर्वांत जास्त उरली होती ती पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांत. तिथं तो मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांत ती उतरवू लागला. जाणकार म्हणतील की मातीच्या रंगांची भिंत तेलात उतरवली की ती जड होते, तिचा कोरडा, मऊ उजेड जातो. खरं आहे. पण १८४५ च्या सुमाराच्या इंग्रज चित्रकाराला मोठं चित्र म्हणजे तेलातलंच.

कॅनव्हास आणि रंग समुद्रानं यायचे, पुढे गाडीवाटांनी. मुंबई-ठाणे गाडीच सुटली १८५३ मध्ये. खानदेशात रूळ पोचायला १८६० चं दशक उजाडलं. तोवर तयार झालेली प्रत्येक नक्कल गुंडाळायची, बैलगाडीत घालायची आणि पावसानं, वाळवीनं, गाडीवानाच्या डुलकीनं तिचं काही करू नये म्हणून देवाला हात जोडायचे. अशा तीसेक नकला अजिंठ्याहून लंडनला सुखरूप पोचल्या. रस्त्यात एक बुडाली किंवा कुजली असती तर समजून घेता आलं असतं, म्हणून हे सांगतो. त्या पोचल्या.

काम काही हंगामांचं वाटलं होतं, ते १८६३ पर्यंत चाललं. एकोणीस वर्षं. मध्ये कंपनीच बुडाली. १८५७ चं बंड झालं, १८५८ मध्ये राज्य राणीकडे गेलं. ज्या संचालकांनी हुकूम काढला त्यांची कचेरी राहिली नाही, पण गिल आपला त्याच दरीत होता.

एवढा काळ माणूस जिथं राहतो तिथलाच होऊन जातो. संसार लांब पडला. शिकारीत त्याचं नाव इतकं झालं की दीडशेवर वाघ मारल्याचं त्याच्याबद्दल सांगितलं जातं. आकड्यात शिकाऱ्यांची नेहमीची भर असेलही. मात्र खानदेशात तो अशक्य नव्हता. भिल्ल पलटण उभारणाऱ्या औट्रमनं त्याच्या आधी दहा वर्षांत याच मुलखात जवळजवळ दोनशे वाघ मारले होते. ज्याच्या गोठ्यातली गाय वाघानं नेलीय त्याला बंदूकवाला साहेब देवासारखाच. आपण मात्र पुढच्या टोकाला उभे राहून हे बघतो: वाघूर नदीत आता वाघ उरलाय तो नावापुरता.

आणि पारो. तिच्याबद्दल कागदोपत्री जेवढं आहे ते एका थडग्यावर मावतं. अजिंठ्यात तिची कबर आहे. तिच्यावर प्रिय पारोच्या स्मरणार्थ असा मजकूर आणि २३ मे १८५६ ही तारीख आहे. दगड गिलनं बसवला. बाकीचं सगळं, तिचं गाणं, नाच, रंगांसाठी तिनं रानातून आणलेली फुलं, हे नंतरच्या कवींचं आणि लोकांचं. मला ते खोटं म्हणवत नाही. पण त्या काळात देशी बायकांशी घरोबा करणारे गोरे अधिकारी कमी नव्हते, आणि त्यांतल्या फार थोड्यांनी तिच्या नावाचा दगड उघड्यावर लावला. 'प्रिय' असा शब्द त्यावर कोरायला चारचौघांत जी छाती लागते ती गिलकडे होती. मला एवढा पुरावा पुरतो.

१८५६ च्याच सुमारास त्याच्या हातात कॅमेरा आला. पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं काचेच्या ओल्या पट्ट्या, औषधं, काळा तंबू हे सगळं शिकून घेतलं. एकाच दृश्याची दोन चित्रं शेजारी-शेजारी लावून दुर्बिणीसारख्या यंत्रातून बघितली की ते उठावाचं दिसतं, त्या पद्धतीचा कॅमेरा घेऊन तो हिंडला. अजिंठा, वेरूळ, वऱ्हाडातलं लोणार, बुलढाण्याकडची देवळं-मशिदी आणि मारलेली जनावरंसुद्धा. १८६४ मध्ये फर्ग्युसनच्या मजकुरासह या फोटोंची दोन पुस्तकं लंडनला निघाली. लोणारच्या देवळांचं एकोणिसाव्या शतकातलं रूप बघायचं असेल तर आजही गिलकडेच जावं लागतं. नेमून दिलेल्या कामाबाहेरची ही कमाई.

आता हुकलं कुठे ते.

लंडनच्या दक्षिणेला सिडनहॅमला क्रिस्टल पॅलेस नावाचा लोखंड-काचेचा प्रचंड महाल उभारला होता. तिथं देशोदेशीच्या वस्तू मांडत, आणि तिकीट काढून लाखो लोक येत. गिलच्या पंचवीसेक नकला तिथं लावल्या. चित्रकाराच्या दृष्टीनं याहून मोठी भिंत जगात नव्हती. ३० डिसेंबर १८६६ रोजी महालाच्या उत्तरेकडच्या भागाला आग लागली. गिलची चित्रं त्याच भागात होती. चार-पाच वेगळीकडे होती म्हणून उरली. बाकी सगळी जळाली.

काच आणि लोखंड जळत नाही म्हणून तो महाल निर्धास्त समजला जाई. तेल लावलेलं कापड जळतं.

या आगीला दैव म्हणून मोकळं होता येतं, आणि बहुतेकांनी तसंच केलं आहे. मला ते पटत नाही. नकला लंडनमध्ये वर्षानुवर्षं टांगलेल्या होत्या. त्या शहरात पावलागणिक फोटोवाले होते. खुद्द गिल इकडे डोंगरात बसून फोटो काढत होता. पण त्या पंचवीस चित्रांचे फोटो काढून ठेवावेत असं कंपनीला, नंतरच्या सरकारला, महालाच्या मालकांना, कुणालाही सुचलं नाही. एका बाईंच्या प्राचीन भारतावरच्या पुस्तकात, १८५६ मध्ये, त्यांतल्या काहींचे लाकडी ठशांवरून छापलेले छोटे तुकडे आले, तेवढेच. दरम्यान मूळ भिंतींवरचा रंग दरवर्षी थोडा थोडा गळत होता. गिलनं १८४५ ते १८६३ मध्ये जे पाहिलं त्यातलं बरंचसं नंतर येणाऱ्याला दिसलंच नाही. भिंतीवरून गेलं आणि नकलेतूनही गेलं. हा हुकलेला क्षण गिलचा एकट्याचा नाही.

बातमी त्याला कळली तेव्हा तो बासष्ट वर्षांचा होता.

नंतर सरकार जागं झालं. १८७२ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे काम गेलं. ते विद्यार्थ्यांची फौज घेऊन हिवाळ्या-हिवाळ्यांत येत राहिले, १८८५ पर्यंत. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत ही त्यांतली नावं. अजिंठ्याची चित्रं आपल्या लोकांच्या हातानं पुन्हा काढली गेली ती प्रथम तेव्हा. चित्रं ठळक दिसावीत म्हणून त्यांनी भिंतींवर वॉर्निश फासलं, ते पुढे पिवळं-काळं पडलं आणि काढता काढता नाकी नऊ आले, हा वेगळा विषय. नकला लंडनला गेल्या. १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला जिथं त्या ठेवल्या होत्या तिथं आग लागली आणि त्यांतल्याही कितीतरी जळाल्या. हे लिहिताना मी दोनदा तारखा तपासल्या, कारण कादंबरीत असं लिहिलं तर संपादक खोडून काढील.

ग्रिफिथ्सचं पुस्तक मात्र १८९६ मध्ये निघालं आणि अजिंठा म्हणजे ग्रिफिथ्स हे समीकरण ठरून गेलं. १९०९ ते ११ मध्ये लेडी हेरिंगहॅम आल्या, त्यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हलदार. त्यांचं पुस्तक आलं. हैदराबादच्या निजामानं इटलीहून कारागीर आणून पापुद्रे चिकटवून घेतले, गुलाम याझदानींनी मोठे ग्रंथ काढले. दरम्यान पाचोरा-जामनेरची छोटी गाडी सुरू झाल्यावर प्रवासी पहूर स्टेशनावर उतरून लेण्यांकडे जाऊ लागले. त्या गाडीनं अजिंठ्याला गेलेल्यांच्या हातात ग्रिफिथ्सची चित्रं होती, हेरिंगहॅमची होती. गिलची असणं शक्यच नव्हतं.

गिल इंग्लंडला परत गेला नाही. काम संपलं, आग लागली, तरी तो याच मुलखात राहिला. इंग्लंडात त्याची वाट बघणारं काही होतं तर ती चित्रंच, असं मला वाटतं. ती राहिली असती तर तो त्यांच्यामागून गेला असता, एखाद्या संस्थेचा सभासद झाला असता, म्हातारपणी व्याख्यानं दिली असती, आणि आपण त्याला ग्रिफिथ्सच्या शेजारच्या फळीवर ठेवलं असतं. तसं झालं नाही म्हणून तो आमचा झाला. पंचाहत्तरीकडे झुकलेला, घाटाखालच्या प्रत्येक गावात ओळखला जाणारा मेजर. एप्रिल १८७९ मध्ये तो आजारी पडला. भुसावळला तोवर रेल्वेचं मोठं ठाणं झालं होतं, गोऱ्यांची वस्ती होती, आणि आजारी माणसाला न्यायला तीच जवळची जागा होती. त्याच आजारात तो वारला. भुसावळच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्याची कबर आहे.

उरलेली चार-पाच चित्रं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

जामनेरहून अजिंठ्याला जाल तेव्हा दहाव्या लेण्यात थोडं थांबा आणि मान वर करा. नाव डोक्याच्या वर आहे, कारण त्या वेळी लेण्यात पुरुषभर गाळ साचला होता आणि स्मिथ त्यावर उभा होता. गाळ गेला, गिलची एकोणीस वर्षं गेली. वाघ शोधत आलेल्या त्या माणसाचं घटकाभराचं काम अजून वाचता येतं.